सपाट तीन चमचे

मुंग्या आधी आजीच्या नजरेला पडल्या.

साल १९९३, ऑक्टोबर. किल्लारीच्या भूकंपाला दोन-तीन आठवडे झाले होते आणि गावात दुसरा विषय नव्हता. मी अकरा वर्षांची, सहावीत. कराडजवळचं आमचं गाव, चारी बाजूंनी ऊस. महिनाभर माझी तहान भागत नव्हती. शाळेतून आले की दप्तर पाठीवर असतानाच माठाशी जायचे. रात्री तीन-चारदा उठून मोरीत. आई म्हणायची, एवढं पाणी पितेस, मग उठावं लागणारच. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, पोरगी उंच होतीय. मग एका सकाळी आजी मोरीत भांडी घासायला बसली आणि तिनं आईला हाक मारली. "अगं, हिकडं ये जरा. ही रात्री हितंच बसती न्हवं? बघ, मुंग्यांची रांग लागलीया."

आजीला अक्षरओळख नव्हती, पण ही खूण तिला ठाऊक होती. आपल्याकडे ती फार जुनी आहे. मधुमेह हा शब्दच मुळी मधासारख्या लघवीवरून आलेला आणि तो सुश्रुतसंहितेत सापडतो. मला त्याच दिवशी कराडला दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर ५४० होती आणि श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास येत होता. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले.

आठवड्यानं मी उठून बसायला लागले तेव्हा त्यांनी आईला आणि अण्णांना समोर बसवून समजावलं. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी हिच्या शरीरानंच मारून टाकल्या आहेत. गोड खाल्ल्यामुळे हे झालेलं नाही आणि गोड सोडल्यामुळे बरंही होणार नाही. इन्शुलिन बाहेरून टोचायचं. अण्णांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, रोज.

त्या 'रोज'ला आता बत्तीस वर्षं झाली. आधी दिवसाला दोन सुया, पुढे चार. हिशोब केला तर चाळीस हजारांच्या घरात जातो. पण सुईचं मला फारसं काही वाटत नाही, ती दोन सेकंदांत होते. दमवतं ते सुईच्या आधीचं आणि नंतरचं काम. ते घरकामाच्या जातीचं आहे. केलेलं कुणाला दिसत नाही, एक दिवस राहिलं की सगळ्यांना दिसतं. आणि आमच्या घरात ते काम आधी सात वर्षं माझ्या आईनं केलं.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक नवी फळी ठोकली गेली. तिच्यावर स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, काचेच्या दोन नळ्या, ड्रॉपर आणि निळ्या औषधाची मोठी बाटली. ते बेनेडिक्टचं द्रावण. पाच मिलिलिटर द्रावण नळीत घ्यायचं, दिव्यावर उकळायचं, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे आणि पुन्हा उकळायचं. नळीचं तोंड भिंतीकडे धरायचं, कारण उकळी फुटली की ते उसळतं. आई सातवी शिकलेली. नर्सनं तिला हे एकदाच करून दाखवलं होतं. रंग निळाच राहिला तर लघवीत साखर नाही. हिरवट झाला तर थोडी. मग पिवळा, नारिंगी आणि सगळ्यात शेवटी विटकरी. विटकरी झाला की नळीच्या तळाशी जाड गाळ बसायचा आणि आई ती नळी राखेनं दोनदा घासायची.

हे सगळं ती एका दोनशेपानी वहीत लिहायची. पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, सकाळचा रंग, संध्याकाळचा रंग, किती टोचलं. आणि उजव्या कडेला शेवटचा रकाना, वर लिहिलेलं: कारण. दवाखान्यातून मिळालेल्या छापील तक्त्यात असा रकाना नव्हता, तो तिनं स्वतः वाढवला. सकाळ हिरवा, संध्याकाळ विटकरी, कारण: शेजारी बारसं. सकाळ नारिंगी, कारण: ताप. संध्याकाळ विटकरी, कारण: काही नाही. आणि एका पानावर, कारण: रडली. मन बिघडलं की अंगात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि साखर चढते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आईनं ते तेव्हाच रकान्यात लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी वर्गातल्या मुलींनी मला लंगडीच्या संघातून काढलं होतं, हिला काही झालं तर आपल्यावर येईल म्हणून.

निळा रंग आला की मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. आईचा चेहरा मात्र रात्रीच्या निळ्यावर उतरायचा. मला वाटायचं, हिला कशानंच समाधान नाही. पुढे त्यातली गोम कळली. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. निळा रंग फक्त एवढंच सांगतो की साखर त्याच्या खाली आहे. १२० आहे की ४०, हे तो सांगत नाही. आणि टोचलेलं इन्शुलिन जास्त पडून झोपेत ४० झाली तर पोर उठणारच नाही, ही धास्ती घेऊन ती बाई रोज अंथरुणाला पाठ टेकत होती.

म्हणून ती रात्री दोनला उठायची. गजर लावायची नाही, कारण अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते आणि गळिताचा हंगाम सुरू झाला की त्यांची पहिली पाळी असायची. आपोआप उठायची. माझ्या मानेखाली हात घालून बघायची, घाम आलाय का. साखर उतरली की घाम येतो, आणि तो गार असतो, उन्हाळ्याच्या घामासारखा नव्हे. मान ओली लागली की मला बसवून साखरपाणी पाजायची. मला यातलं काहीच आठवत नाही. सकाळी उशाशी पितळेचा पेला दिसायचा आणि त्याच्या तळाशी न विरघळलेली साखर, तिच्यावर मुंग्या. मी एवढंच समजायचे की आई रात्री पाणी प्यायला उठते.

हे मला कळलं ते माझी मुलगी तान्ही असताना. जागरणानं जीव मेटाकुटीला आला होता आणि मी फोनवर आईपाशी कुरकुरत होते. ती म्हणाली, "होते सवय. मला अजूनपण दोनला जाग येती." कशानं गं, असं मी विचारलं. क्षणभर ती बोललीच नाही. मग सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात. सात वर्षं. मी कॉलेजला पुण्याला गेल्यावरही पहिले सहा महिने ती दोनला उठून माझ्या रिकाम्या खोलीच्या दारापर्यंत जात होती.

कारखान्याच्या गावातली पोर, साखर खाऊन खाऊन आजार लावून घेतला, असं नात्यातल्या पुष्कळांनी बोलून दाखवलं. त्या दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घरी आली तेव्हा एक चुलती म्हणाली, पोतं माडीवर टाका, तिच्या डोळ्यांसमोर नको. आई म्हणाली, "घरात साखर पायजेच. हिच्यासाठीच पायजे." आणि तिनं पोतं फोडून पुड्या बांधायला घेतल्या. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे चौकोन कापलेले, प्रत्येक पुडीत चहाचे तीन चमचे, चमचा बोटानं सपाट करून. तीन सपाट चमचे म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम. साखर ७०च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, हा नियम आज जगभर सांगतात. एक पुडी दप्तरात, एक कंपासपेटीत, एक बाईंच्या टेबलाच्या खणात, एक अण्णांच्या खिशात. जास्त बांधून ठेवू नये, असं ती सांगायची. हातपाय थरथरत असताना माणूस हावरटासारखं खातो आणि मग तासाभरात साखर आभाळाला भिडते.

घरी फ्रिज नव्हता. पुढे आला तेव्हा वीज नसायची. इन्शुलिन उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर त्यातला गुण जातो आणि नुसतं बघून ते कळत नाही. आजीनं त्यावर तोडगा काढला. मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत छोटं मडकं, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, आत स्टीलच्या डबीत बाटल्या, वर ओलं फडकं. गुऱ्हाळाच्या दिवसांत सगळ्या गावावर काकवीचा वास पसरायचा आणि माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते मडकं गारेगार असायचं. आम्ही भावंडं त्याला देव्हाऱ्यासारखं वागवायचो. पाय लागला तर नमस्कार करायचो.

याच आजीनं १९९६ साली आणखी एक काम केलं, ज्याचं ऋण मी विसरणार नाही. नात्यातला एक माणूस आम्हाला कुणा औषधवाल्याकडे घेऊन गेला होता. त्यानं नाडी बघितली आणि म्हणाला, चूर्ण देतो, आजपासून सुई बंद. अण्णांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. पोरीची सुई सुटेल या विचारानं कुठल्याही बापाचं मन डळमळेल, मी त्यांना दोष देत नाही. आजी मात्र उठली आणि माझा हात धरून चालायला लागली. "सुई बंद केली तर मुंग्या परत येत्याल," एवढंच म्हणाली. माझ्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन थांबवलं तर माणूस दिवसांच्या हिशोबात जातो. आजही असे सल्ले देणारे भेटतात, आता मोबाइलवरही. कुणाच्या घरात लहान मुलाला हा आजार झाला असेल तर माझं हात जोडून सांगणं आहे, बाकी काय वाटेल ते करा, पण सुई थांबवू नका.

इन्शुलिन सापडण्याआधी या मुलांना उपाशी ठेवत असत, तेवढेच थोडे दिवस जास्त मिळत. ११ जानेवारी १९२२ला टोरंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याचं वजन तेव्हा तीस किलोही नव्हतं. पहिलं औषध पुरेसं शुद्ध नव्हतं, बारा दिवसांनी सुधारलेलं दिलं आणि साखर उतरली. तो त्यानंतर तेरा वर्षं जगला. संशोधकांनी पेटंटचे हक्क टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. त्यांतल्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा, म्हणून त्या तारखेला जागतिक मधुमेह दिन असतो. आपल्याकडे तो बालदिन. आमच्या शाळेत बालदिनाला बुंदीचा लाडू वाटायचे आणि मी माझा लाडू शेजारच्या मुलीला द्यायचे. त्याच तारखेला जन्मलेल्या माणसामुळे मी त्या बाकावर बसलेली आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आता माझं काम मी करते. पुण्यात बँकेत आहे. काचेच्या नळ्या जाऊन ग्लुकोमीटर आला, आणि अधूनमधून, पैसे जुळले की, चौदा दिवसांचा सेन्सर दंडावर लावते. साधनं बदलली तशी रंगांची जागा आकड्यांनी घेतली. काम तेच राहिलं. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार आकड्याचा. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत स्वतःच यकृतातली साखर सोडतं, त्यामुळे रात्री १२०वर झोपलेली मी काही न खाता १८०वर उठते. मग पोहे किती, त्यावर किती युनिट, दहाला चालत जायचंय की रिक्षानं, पाळीचे दिवस जवळ आलेत का, काल झोप झाली होती का. तेच पोहे, तीच वाटी, तेवढंच इन्शुलिन. सोमवारी १४०, मंगळवारी २३०. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचा वेगळाच हिशोब. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तो साखर चढवतो, आणि दाण्याचं कूट नि तूप ती चढण लांबवत नेतात, दुपारी तीनपर्यंत. गूळ चालतो, मध चालतो, भाकरीनं काही होत नाही, असं प्रेमानं सांगणारी माणसं रोज भेटतात. गूळही साखरच आहे आणि भाकरीचीही साखरच होते. मी भाकरी आवडीनं खाते, पण मोजून.

साखर उतरते तेव्हा आतून कसं वाटतं, हे आईनं मला कधी विचारलं नाही आणि मीही तिला सांगितलं नाही. इथं सांगते. एकदा बँकेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनची गर्दी, मी कॅश काउंटरवर होते. मशीननं नोटा मोजल्या आणि आकडा लागला. मला तो आकडा दिसत होता, त्याचे लाल ठिपके दिसत होते, पण वाचता येत नव्हता. गड्डी पुन्हा मशीनमध्ये लावली. पुन्हा तेच. काचेपलीकडचे आजोबा काहीतरी बोलत होते आणि त्यांचे शब्द विहिरीतून आल्यासारखे येत होते. ओठ बधिर, जिभेच्या टोकाला मुंग्या. मला राग आला, आजोबांचा, मशीनचा, पंख्याच्या आवाजाचा. हा राग नेहमी येतो, कारण मेंदूला साखर मिळेनाशी झाली की आधी विवेक जातो. पर्समध्ये पुडी आहे हे मला माहीत होतं, पण पर्सची साखळी कुठल्या बाजूला ओढायची ते कळत नव्हतं. शेजारच्या काउंटरवरच्या ताईंनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, पर्स उघडली, पुडी फोडून माझ्या तोंडात ओतली. त्यांना मी नोकरीच्या पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. दहा-पंधरा मिनिटांनी आकडे पुन्हा आकड्यांसारखे दिसायला लागले. नंतर मी तपासलं, ६८. म्हणजे पुडीआधी किती असेल, देव जाणे. आजोबा तोपर्यंत रांगेतच उभे होते. त्यांनी विचारलं, "बाळ, जेवली नव्हतीस का?"

आणि एक चूक सांगायलाच हवी, कारण ती कुणाच्याही घरी होऊ शकते. आपल्याकडे इन्शुलिन दोन तीव्रतांचं मिळतं, एका मिलिलिटरला चाळीस युनिटचं आणि शंभरचं. सुयाही दोन, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. मी तेव्हा चाळीसच्या बाटलीतून घ्यायचे. औषधाच्या दुकानात गर्दी होती, मुलानं शंभरच्या सिरिंज दिल्या, मी घाईत पाहिल्या नाहीत. त्या सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर चाळीसच्या बाटलीतलं आठच युनिट जातं. दोन दिवस मी वीस समजून आठ टोचत होते. साखर चारशेच्या वर, तोंड कोरडं, आणि मी मात्र काय खाल्लं ते आठवून आठवून स्वतःला दोष देत होते. उलटं झालं असतं, शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये, तर वीसच्या जागी पन्नास युनिट गेलं असतं. टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा, दोन्ही बघितल्याशिवाय पिशवी घेऊ नका.

लोक विचारतात, "शुगर कंट्रोलमध्ये आहे ना?" प्रश्न मायेचा असतो, पण त्याचं हो किंवा नाही असं उत्तर मला देता येत नाही. २०१४ साली अण्णा गेले. त्यानंतरच्या तपासणीत माझं एचबीएवनसी ९.१ आलं. तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात, त्यांच्यावर चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, ती ही तपासणी. सातच्या आत हवं असतं. ज्या डॉक्टरांकडे मी जात होते त्यांनी रिपोर्ट टेबलावर सरकवला आणि म्हणाले, "शिकलेल्या आहात, बँकेत आहात, आणि हे?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या भेटीआधीच्या रात्री मी बसून वही भरली. ११०, १३५, १२८, ११६. दोन वेगवेगळ्या पेनांनी, खरी वाटावी म्हणून. डॉक्टर खूश झाले. मी वर्षभर अशी खोटी वही घेऊन जात राहिले. तेवढ्या काळात खऱ्या साखरेकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंसुद्धा.

ज्या डॉक्टरीणबाईंनी मला यातून बाहेर काढलं त्यांनी पहिल्या भेटीत वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "या महिन्यांत घरी काय झालं होतं?" मी रडले. घरी जाऊन आईच्या जुन्या वह्या काढल्या. तिनं त्या सगळ्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या आहेत. विटकरी, नारिंगी, विटकरी, पानामागून पान. आज कुठल्याही डॉक्टरनं कपाळावर हात मारावा अशा त्या वह्या आहेत. पण एकाही विटकरीपुढे माझ्या नावानं ठपका नाही. पुढे कारण आहे, आणि जिथं कारण सापडलं नाही तिथं तिनं प्रामाणिकपणे 'काही नाही' लिहिलं आहे. मी तेव्हापासून पुन्हा तो रकाना आखते. २३०, कारण: झोप नाही. ६१, कारण: चालत आले. २७०, कारण: काही नाही. आणि दर वर्षी डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासून घेते, रोज रात्री तळपाय आरशात बघते. आतापर्यंत दोन्ही शाबूत आहेत.

लग्नाचं थोडक्यात सांगते. सुई लपवा, असं सगळ्यांनी सांगितलं. अण्णांनी प्रत्येक ठिकाणी पहिल्याच भेटीत सांगितलं. सात स्थळं उठून गेली. आठव्यानं विचारलं, इन्शुलिन फ्रिजच्या दारात ठेवायचं की आत? मी त्याच्याशी लग्न केलं.

आता आईचं. २०१८ मध्ये तिला मधुमेह निघाला, दुसऱ्या प्रकारचा, साठाव्या वर्षी. तिचा विश्वास बसेना. आयुष्यभर काडीसारखी, पहाटे पाचपासून राबणारी. बारीक माणसाला कुठं शुगर होते, असं गावातही म्हणाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावरच काम केलं आहे. पुण्याच्या आसपासच्या सहा गावांत १९९३ साली त्यांचा माता-बालकांचा अभ्यास सुरू झाला. तिथं जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण आपली बाळं हाडं-स्नायूंनी लहान असली तरी चरबीत तितकी मागे नव्हती. वरून बारीक, आतून चरबी जपलेली, आणि ही चाल पोटातूनच लागते. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी माझ्या आईला पोटाला मिळालं नाही, ते हितं निघालं." देशात १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे असा अंदाज २०२३ मध्ये छापून आला. त्यांत माझी आई एक आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी तिच्यासारख्याच असतील, साऱ्या घराच्या गोळ्या वेळेवर देणाऱ्या आणि स्वतःची विसरणाऱ्या.

माझा एक रंग तिनं कधी चुकवला नाही. स्वतःची बोटसुई मात्र आठ-आठ दिवस घेत नाही. "मला काय हुतंय," हे तिचं उत्तर. मी चिडते, मग तिच्या वह्या आठवतात, मग गप्प होते. गेल्या वर्षापासून ती माझ्याकडे पुण्याला असते. मी तिच्यासाठी वही आखली आहे, कारणाच्या रकान्यासकट. ती सांगते, मी लिहिते. १९८, कारण: गावाकडून फोन. १६२, कारण: काही नाही.

तिच्या एका गोळीनं साखर अचानक उतरू शकते. मागच्या महिन्यात ती देवळातून येताना सोसायटीच्या पायरीवर बसून राहिली होती, वॉचमननं फोन केला. घाम गार होता. मी तिच्या मानेखाली हात घालून पाहिला आणि तो हात तिथंच ठेवून किती वेळ बसले होते, मला सांगता येणार नाही.

त्या रात्री मी जुनं कॅलेंडर काढलं, पानांचे चौकोन कापले आणि साखरेचा डबा घेऊन ओट्याशी उभी राहिले. एक तिच्या पिशवीत, एक उशाखाली, एक वॉचमनपाशी. आई बाहेरच्या खोलीतून बघत होती. उठून आली, माझ्या हातातला चमचा घेतला आणि त्यावरची शीग बोटानं खाली पाडली.

"सपाट घे," म्हणाली. "किती येळा सांगितलं हुतं."